आई-बाबांच्या घरी ब्रॉडबँड घेताना : आधी खुर्ची बघा, मग प्लॅन

आई-बाबांना नेट घेऊन देणाऱ्या मुलांचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. सुट्टीत चार दिवस गावी जायचं, प्लॅन पसंत करायचा, आपल्याच मोबाइलवरून पैसे भरायचे. माणूस येतो, टीव्हीमागे राउटरचा डबा ठोकतो आणि जातो. परतीच्या गाडीत बसलो की फोन येतो, ‘अरे, आतल्या खोलीत लागत नाही.’ पुढे दर महिन्याला बिल भरलं जातं आणि आई मात्र मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवरच नातवाचा चेहरा बघत राहते.

गेल्या काही वर्षांत मी नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच ज्येष्ठांच्या घरी हे काम केलं आहे. बिघडलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात चूक कंपनी निवडण्यात नव्हती, क्रमात होती. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. वयाने मोठे असलेले वाचक हे स्वतःसाठीही करू शकतात. मुलगा येईपर्यंत थांबायची गरज नाही.

## टप्पा १ : घरातल्या बसायच्या जागा लिहून काढा

कंपनीला फोन करण्याआधी कागद घ्या आणि त्या घरातला एक दिवस लिहा. सकाळचा चहा कुठे होतो? दुपारी आडवं कुठे होतात? संध्याकाळी फोन घेऊन कुठे बसतात? रात्री झोपताना फोन कुठे असतो? नेट लागणार आहे ते या तीन-चार जागांवर. दिवाणखान्यात सर्वांत छान लागून उपयोग नाही.

साताऱ्याला मावशीच्या जुन्या घरात तार रस्त्याकडून आली, म्हणून डबा पुढच्या सोप्यात बसला. भिंती दगडी, दीड-दोन फुटी. मावशीचा दिवस जातो स्वयंपाकघरात, म्हणजे अशा दोन भिंती ओलांडून. महिनाभर ती व्हिडिओ कॉल आला की हात पदराला पुसत मधल्या दारापर्यंत यायची आणि उंबऱ्यावर पाट टाकून बसायची, कारण तिथपर्यंतच चित्र हलायचं. गुडघे दुखायला लागले तेव्हा ती म्हणाली, ‘कॉल जरा कमी करा रे.’ आम्हाला वाटलं, तिला कंटाळा आला. पहिल्या डब्यापासून ओढलेली बारा मीटर लॅनची तार आणि तिच्या टोकाला, स्वयंपाकघराबाहेर, दुसरा राउटर, एवढ्यावर ते सुटलं. पण ते महिनाभर आधी व्हायला हवं होतं.

कारण साधं आहे. घरच्या वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी जातात, पण त्यांचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंत आली की थकतात. दगड, स्लॅब, लोखंडी गोदरेज कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे सगळे अडथळे. डबा टीव्हीच्या मागे किंवा कपाटात कोंबला तर अर्धा जोर तिथेच जातो.

आधीच करून बघायची चाचणी : जिथे डबा ठेवायचा विचार आहे तिथे एक मोबाइल ठेवा आणि त्याचा हॉटस्पॉट सुरू करा. दुसरा मोबाइल त्याला जोडून कागदावरच्या प्रत्येक जागी जाऊन बसा आणि वाय-फायच्या रेषा बघा. खोलीची दारं रोज जशी असतात तशी ठेवा, रात्री बंद होत असतील तर बंद. मोबाइलचा हॉटस्पॉट राउटरपेक्षा सहसा अशक्त असतो. त्याच्या दोन रेषा जिथे टिकतात तिथे राउटर निभावून नेईल. जिथे एकही येत नाही तिथे जागा बदला, नाहीतर लॅनची तार ओढून दुसरा राउटर लावायची तयारी ठेवा.

थांबा : भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त ‘रिपीटर’ घाईने घेऊ नका. त्यातले बरेचसे आलेलाच कमकुवत सिग्नल पुढे ढकलतात आणि वेग निम्म्यावर आणतात. तार ओढणं एकदाच त्रासाचं असतं.

## टप्पा २ : नाव कोणाचं, नंबर कोणाचा

जोडणी ज्यांच्या घरात आहे त्यांच्याच नावाने घ्या आणि नोंदणीचा मोबाइल नंबरही त्यांचाच द्या. तुमचा नंबर पर्यायी म्हणून द्या.

आईच्या घरी मी उलटं केलं होतं. ‘तिला कशाला त्रास’ म्हणून नंबर माझा दिला. पावसाळ्यात नेट बंद पडलं, माणूस आला, त्याने काम केलं आणि तक्रार मिटवायला ओटीपी मागितला. ओटीपी माझ्या फोनवर आला आणि मी रेल्वेत घाटातल्या बोगद्यांत होतो. तो माणूस वैतागून गेला, तक्रार अर्धवट लटकली आणि पुढचे आठ दिवस कोणी फिरकलं नाही. आईला स्वतःच्याच घरातल्या सेवेबद्दल कंपनीशी बोलता येत नव्हतं, कारण कंपनीच्या लेखी ग्राहक मी होतो. त्याची मला आजही चुटपुट लागते.

कागदपत्रांत लागतं ते ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. आधारवर तोच पत्ता असेल तर बहुधा तेवढ्यावर भागतं. खरी अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली, घर आणि वीजबिल अजून दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं. अशा वेळी पत्त्यासाठी आईचं आधार वापरा, आणि त्यावरचा पत्ता जुना असेल तर जोडणी मागण्याआधी तो बदलून घ्या.

दुसरी, जुना लँडलाइन फोन वडिलांच्या नावावर असतो आणि तोच नंबर फायबरवर, म्हणजे काचेच्या तारेवरून येणाऱ्या नव्या जोडणीवर, हवा असतो. आधी नावबदल, मग फायबर. उलट केलंत तर तीस वर्षं पाठ असलेला नंबर हातचा जाऊ शकतो.

सोसायटीत राहत असतील तर भिंतीला भोक पाडण्याची आणि डक्टमधून तार नेण्याची परवानगी आधी घ्या. भाड्याचं घर असेल तर मालकांची.

## टप्पा ३ : कोणतं नेट, किती वेग

दारापर्यंत फायबर येत असेल तर फायबरच घ्या. फायबर नसेल तर गल्लीतल्या केबलवाल्याची जोडणी. तीही नसेल तर गच्चीवर किंवा खिडकीबाहेर यंत्र लावून मिळणारं ५जीचं बिनतारी ब्रॉडबँड. ते घेण्याआधी त्याच कंपनीचं सिम घालून गच्चीवर सकाळी आणि रात्री नऊला असा दोनदा वेग मोजा. रात्री नऊचा आकडा खरा धरा.

वेगाबद्दल घाबरवणाऱ्या जाहिराती बाजूला ठेवा. सरकारी व्याख्येनुसार २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात. व्हिडिओ कॉलला एक-दोन एमबीपीएस पुरतात. एचडी चित्रपटाला साधारण ५ लागतात आणि फोर-के टीव्हीला १५ ते २५. दोघं ज्येष्ठ राहत असलेल्या घराला ३० ते ५० एमबीपीएस भरपूर झाले. मे महिन्यात नातवंडं येतात तेव्हासाठी फार तर १०० घ्या. जाहिरातीतला ‘एमबीपीएस’ हा बिटमधला वेग असतो. फाइलचा आकार बाइटमध्ये असतो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साधारण १२ एमबी उतरलं तर कोणी फसवलं असं नाही.

विक्रेत्याला हे विचारा आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या :

- सांगितलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का?
- बसवण्याचे आणि तारेचे पैसे किती? डबा आपला की कंपनीचा?
- महिन्याची डेटामर्यादा किती, आणि ती संपल्यावर वेग किती उरतो?
- दुरुस्तीचा माणूस कुठून येतो? गावातून की तालुक्यावरून?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचं खरं उत्तर विक्रेत्याकडे नसतं, शेजाऱ्यांकडे असतं. त्याच ओळीतल्या दोन घरांत जा आणि विचारा, ‘गेल्या पावसात किती दिवस बंद होतं? वीज गेली की नेट चालू राहतं का?’ मी प्लॅन नेहमी या उत्तरांवरून ठरवतो.

थांबा : वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, या बोलीवर पहिल्याच दिवशी जाऊ नका. पहिला महिना किंवा फार तर तिमाही भरा. एक पावसाळा निघाला की वर्षाचं बघा. ओटीटीची पाच-सहा चॅनेलं जोडून मिळणारा महाग प्लॅनही, घरचा टीव्ही त्यासाठी चालतो का हे तपासल्याशिवाय नको.

आणखी एक थांबा, लँडलाइनवाल्यांसाठी : जुन्या तांब्याच्या तारेवरचा फोन घरची वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळायची. फायबरवर गेल्यावर तोच फोन आता तुमच्या घरातल्या डब्याला जोडलेला असतो. घरची वीज गेली की डबा बंद आणि फोनही बंद. रात्री अपरात्री बाबांची छाती दुखली आणि वीज नसली तर? हे आधी सांगणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही. टप्पा ५ यासाठीच आहे.

## टप्पा ४ : बसवायच्या दिवशी

त्या दिवशी घरात तुम्ही किंवा एखादं जाणतं माणूस असायलाच हवं. बसवणाऱ्याला दिवसाला पाच-सहा घरं उरकायची असतात. तो सर्वांत जवळची भिंत निवडणार, त्यात त्याचा दोष नाही. जागा दाखवायचं काम आपलं.

१. ड्रिल काढायच्या आधी त्याला टप्पा १ मध्ये ठरवलेल्या जागी नेऊन उभं करा. डबा उघड्यावर, छातीच्या उंचीला, शक्यतो घराच्या मध्याकडे.

२. बाहेरची तार पन्हाळीपासून आणि झाडाच्या फांद्यांपासून लांबून घ्या. कोकणात माकडं आणि खारी तार कुरतडतात. तिथे भिंतीलगतचा भाग पीव्हीसी पाइपातून नेलेला बरा.

३. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायला सांगा. आत शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून गळून जातं, भिंतीत येत नाही. नंतर भोक सिलिकॉनने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवा.

४. फायबरची तार काचेची असते. तिला घडी घालू नका, खिळ्याभोवती आवळू नका. उरलेली तार गुंडाळताना बांगडीएवढं वेटोळं ठेवा, त्यापेक्षा लहान नको.

५. आतली कोणतीही तार जमिनीवरून किंवा उंबऱ्यावरून जाता कामा नये. चटईखालूनही नाही. सत्तरीतल्या माणसाचं तारेत पाय अडकून खुब्याचं हाड मोडणं ही नेट बंद पडण्यापेक्षा फार मोठी गोष्ट आहे. तार भिंतीच्या कडेने, क्लिपा मारून, दाराच्या चौकटीवरूनच न्या.

६. डब्याखालच्या स्टिकरचा, ग्राहक क्रमांकाचा आणि पावतीचा फोटो काढा. बसवणाऱ्याचा नंबर लिहून घ्या.

तपासा : माणूस जायच्या आधी डब्याजवळ उभं राहून वेग मोजा. प्लॅनच्या जवळपास येतो का? मग बाबांच्या खुर्चीत बसून पुन्हा मोजा. डब्याजवळ चांगला आणि खुर्चीत वाईट असेल तर दोष जागेचा. डब्याजवळच वाईट असेल तर दोष जोडणीचा, आणि तो त्याच वेळी त्याच माणसाकडून सोडवून घ्या.

## टप्पा ५ : विजेची सोय

घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते बघा. बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे असतात. इलेक्ट्रिशियनकडून तो एक पॉइंट जोडून घ्या.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर डबा चालू ठेवणारी बॅटरी, मिळतो, तो घ्या. घेताना डब्याच्या अॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, बहुधा १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनेची जाडीही जुळायला हवी, म्हणून अॅडॅप्टरच खिशात घालून दुकानात जा.

आता सवयीचा प्रश्न. आपल्या आईवडिलांची पिढी रात्री घरातली सगळी बटणं बंद करून झोपते. त्यांना ओरडू नका, हिशेब दाखवा. असा डबा साधारण १० वॅट घेतो. चोवीस तास, तीस दिवस चालला तर महिन्याला सात-सव्वासात युनिट. हा आकडा ऐकल्यावर माझ्या वडिलांनी स्वतः त्या बटणावर चिकटपट्टी लावून ‘नेट – बंद करू नये’ असं लिहिलं. झाडूपोछा करणाऱ्या ताई मिक्सर किंवा मोबाइल लावायला नेमका तोच प्लग काढतात, तेही त्या चिठ्ठीने थांबलं.

गच्चीवर यंत्र असेल तर वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की आतलं अॅडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवायला सांगा. नुसतं बटण बंद करून पुरत नाही. गडगडाट डोक्यावर येण्याआधीच काढायचं, नंतर हात लावायचा नाही.

## टप्पा ६ : नाव, पासवर्ड आणि फोनमधली सेटिंग

वाय-फायला एकच नाव ठेवा. २.४ आणि ५ अशी दोन नावं दिसली की ज्येष्ठांचा गोंधळ होतो. बहुतेक राउटर एकाच नावाखाली दोन्ही चालवतात. पासवर्ड लांब पण टंकायला सोपा हवा : तीन साधे शब्द सलग, सगळी छोटी अक्षरं, शेवटी दोन आकडे. मोबाइल नंबर, जन्मतारीख, घराचं नाव नको. डब्याच्या आतल्या सेटिंगचा कारखान्यातून आलेला पासवर्डही बदलून टाका.

पासवर्ड आणि ग्राहक क्रमांक आईच्या फोननंबरांच्या वहीत पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. तुमच्या फोनमधल्या फोटोचा तिला उपयोग नाही.

फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ असेल तर सुरू करा. जाड भिंतींच्या घरात मोबाइलची रेंज नसते, तिथे साधे फोनही मग वाय-फायवरून लागतात. अक्षरं मोठी करा, मराठी कळफलक घाला आणि बोलून लिहायचं माइकचं बटण दाखवा. थरथरत्या बोटांना टंकण्यापेक्षा बोलणं सोपं जातं.

तपासा : कागदावरच्या प्रत्येक जागी बसून पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. फोन त्यांच्याच हातात, त्यांच्याच नेहमीच्या पद्धतीने धरलेला. एका जागी जरी अडकलं तरी टप्पा १ वर परत जा. ‘तिकडे बसू नकोस, इकडे बस’ हे उत्तर चालणार नाही.

## टप्पा ७ : शिकवणं

इथे सर्वांत जास्त घाई होते. निघायच्या आदल्या रात्री दोन तासांत सगळं दाखवलं जातं आणि सकाळी काही आठवत नाही.

फोन तुमच्या हातात घेऊ नका, हा एक नियम कडक पाळा. शेजारी बसा, हात मांडीवर ठेवा, तोंडाने सांगा. त्यांचं बोट चुकीच्या जागी पडलं तर पडू द्या, आणि परत कसं यायचं ते सांगा. चुकून बाहेर गेलेल्या माणसाला परतीचा रस्ता माहीत असला की त्याची भीती जाते.

दिवसाला एकच गोष्ट, या क्रमाने : आलेला व्हिडिओ कॉल घेणं, स्वतः लावणं, वाय-फायची पंख्यासारखी खूण ओळखणं, डब्यावरचे दिवे वाचणं, डबा बंद करून पुन्हा सुरू करणं, तक्रार नोंदवणं. शेवटच्या दोन गोष्टी तुम्ही तिथे असतानाच खरोखर करायला लावा. डब्याचं बटण बंद करा आणि म्हणा, ‘नेट गेलं, आता?’

या सहा झाल्या की मग त्यांना जे हवं ते. कोणाला कीर्तन ऐकायचं असतं, कोणाला सातबारा बघायचा असतो. बोट कोरडं असेल तर फोनच्या पडद्याला स्पर्श कळत नाही, थोडं ओलसर करून बघा.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी या सहांनंतर हयातीचा दाखला हा तर पहिला धडाच ठरावा. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना तो नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्रावर उमटत नाहीत. त्यामुळे लोक बँकेच्या रांगेतून परत येतात. ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सेवेची चेहरा ओळखून दाखला द्यायची सोय मोबाइलवर आहे. त्यासाठी आधारचं चेहरा ओळखणारं अॅपही लागतं. खिडकीकडे तोंड करून, चष्मा काढून, स्थिर बसा. फोन स्वतःचाच हवा असं नाही, शेजाऱ्याचाही चालतो.

## टप्पा ८ : फसवणुकीची तयारी, पहिल्याच आठवड्यात

नेट आलं की हेही दारात येतं. वहीच्या दुसऱ्या पानावर मी सगळ्यांना हे लिहून देतो :

- ‘तुमचं नेट किंवा सिम दोन तासांत बंद होईल, एक दाबा’ असा फोन आला की ठेवून द्यायचा. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, असे फोन करत नाही.
- ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. कोणताही पोलीस, सीबीआय किंवा न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही.
- अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतंही अॅप घालायचं नाही आणि स्क्रीन दाखवायची नाही.
- पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतक्रमांकाला फोन.

स्क्रीन दाखवण्याबद्दल थोडं अधिक. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर करता येते, आणि लांबून मदत करायला ती मलाही लागते. चोरालाही नेमकी तीच लागते. म्हणून घरात नियम ठेवा : स्क्रीन फक्त घरच्या माणसाला, आणि तीही आपण त्याला फोन लावला असेल तर. त्या वेळी बँकेचं अॅप उघडायचं नाही.

यूपीआय आयुष्यभराच्या पुंजीच्या खात्याला जोडू नका. वेगळं खातं, त्यात महिन्याच्या भाजी-औषधांपुरते पैसे.

आणि फसवणूक झालीच तर पहिलं वाक्य ‘तुला सांगितलं होतं ना?’ हे नको. ज्यांना रागावलं जातं ते पुढच्या वेळी लपवतात, आणि १९३० वर मिनिटांना किंमत असते.

## टप्पा ९ : बंद पडलं तर

हे मोठ्या अक्षरात लिहून डब्याशेजारी लावा. रंग डब्याप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून सगळं चालू असताना दिव्यांचा एक फोटो काढून तोही छापून शेजारी लावा.

१. एकही दिवा नाही : वीज नाही किंवा प्लग निघाला आहे.

२. ‘एलओएस’ (LOS) लिहिलेला लाल दिवा : बाहेरची काचेची तार तुटली आहे किंवा उजेड पोचत नाही. डबा कितीदाही बंद-चालू केला तरी फरक पडणार नाही. थेट तक्रार करा.

३. ‘पॉन’ (PON) लिहिलेला हिरवा दिवा स्थिर, तरी नेट नाही : आधी प्लॅनची मुदत संपली का ते बघा. नसेल तर बटण बंद करा, शंभर आकडे मोजा, चालू करा आणि पाच मिनिटं थांबा. मधे पुन्हा बटण नको.

४. फक्त एकाच फोनवर नाही : दोष फोनचा. वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करा.

थांबा : डब्याच्या मागे सुई शिरेल एवढं ‘रीसेट’चं छिद्र असतं. त्यात काही खुपसायचं नाही. दाबून धरलं की सगळी सेटिंग पुसली जातात आणि अनेक जोडण्यांत मग माणूस आल्याशिवाय नेट सुरू होत नाही. मी त्या छिद्रावर चिकटपट्टीच लावतो.

तक्रार केली की क्रमांक मागून घ्या आणि वहीत तारीख-वेळेसह लिहा. ‘माणूस पाठवतो’ ही तक्रार नव्हे, क्रमांक ही तक्रार. मुदतीत काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे हा क्रमांक देऊन अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक तिथे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

## टप्पा १० : घर बंद ठेवायचं असेल तेव्हा

ज्येष्ठ मंडळी थंडीत पुण्याला लेकीकडे किंवा सहा महिने परदेशी मुलाकडे जातात. निघण्याआधी कंपनीला विचारून जोडणी तात्पुरती थांबवता येते का ते बघा, आणि लँडलाइन असेल तर तेवढ्या काळात नंबर राखून ठेवतात का हे लेखी घ्या. आपोआप पैसे कापायची सूचना बँकेत दिली असेल तर ती थांबवा. डबा आणि यूपीएस दोन्ही सॉकेटमधून काढा. बंद घरातला यूपीएस महिनोन्‌महिने चार्ज होत राहिला तर बॅटरी फुगू शकते.

परत आल्यावर लगेच आई-बाबांना व्हिडिओ कॉल लावायला सांगू नका. आधी दिवे बघायला सांगा, मग मुदत, मग फोन. जोडणी कायमची बंद करायची असेल तर डबा, अॅडॅप्टर आणि तार कंपनीला परत देऊन त्याची सही-शिक्क्याची पावती घ्या आणि अनामतीची रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती वहीच्या पहिल्या पानालाच टाचून ठेवा.